एकोणचाळीस दात

आमच्या घरच्या गाडीचा आवाज आधी यायचा आणि गाडी नंतर. आवाज इंजिनाचा नव्हे. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी भोपळ्यासारखं एक पोट असतं, त्यातून यायचा. तिसाला नुसतं 'हूं'. पस्तिसाला जरा घसा मोकळा. आणि काटा चाळीसवर गेला की भजनात शेवटच्या रांगेतला म्हातारा सूर धरून बसतो ना, टाळ थांबले तरी सोडत नाही, तसा लांबलचक हुंकार. गल्लीच्या तोंडाशी तो ऐकू आला की आई चहाचं आधण ठेवायची. गाडी दारात येईपर्यंत पाण्याला उकळी फुटलेली असे.

गाडी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. तीस वर्षं त्यांनी लाल गाडीवर ड्रायव्हर म्हणून काढली. निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात एका वकिलाची जुनी, गोल बॉनेटची पेट्रोल गाडी दारात आणून उभी केली. आई म्हणाली, "अवो, आता ह्या वयात गाडी कशाला? बस हाय की."

आप्पा म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांच्या बायका वाडीला न्हेऊन पोचवल्या. तुला कधी न्हेलं?"

आई चाकाखाली ठेवायला लिंबू आणायला आत गेली. वाद इतक्यात संपणं आमच्या घरात क्वचित होई.

तेव्हापासून दर पौर्णिमेला दोघं नृसिंहवाडीला जात. दत्ताचं दर्शन, घाटावर थोडं बसणं, येताना आईची कृष्णाकाठची वांगी. जाताना आणि येताना काटा चाळीसवर. एकोणचाळीस नाही आणि एक्केचाळीस तर नाहीच. "चाळीसच्या वर गाडी आपली नसती, देवाची असती," हे आप्पांचं वाक्य. मागून ट्रक हॉर्न मारी, मोटारसायकलवाली पोरं पुढे जाताना वळून बघत. आप्पांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नसे.

मला मात्र त्या आवाजाची लाज वाटायची. मी शाळेत गणिताचा मास्तर. गाडी शाळेवरून गेली की वर्गातली पोरं एकमेकांकडे बघून 'हूंऽऽ' करत, आणि मी फळ्याकडे तोंड करून उरलेलं उदाहरण सोडवत बसे. गाडीला हात लावायची मला बंदी होती, आणि ती अन्यायाची नव्हती. एकदा मी पुढच्या दिव्याचं कनेक्शन नीट केलं होतं, तर ब्रेक दाबला की आतला दिवा लागायला लागला. आप्पा महिनाभर शेजाऱ्यांना सांगत होते, "आमच्या मास्तरनं केलंय. थांबायचं म्हटलं की उजेड पडतोय." एकदा कार्बोरेटर साफ केला आणि शेवटी दोन स्क्रू उरले. त्यानंतर मी घरात काहीही दुरुस्त केलं, अगदी कुकरचं हँडल जरी, की आप्पा विचारायचे, "उरलं किती?"

तर नव्वदचं दशक संपत आलं असतानाची गोष्ट. आप्पा आणि आई निपाणीला आत्याकडे आठ दिवस राहायला गेले, आत्याच्या मुलीचं लग्न होतं. बसने गेले, कारण आत्याच्या बोळात गाडी मावत नव्हती. किल्ली खिळ्याला. मी घरात एकटा. पहिला दिवस मी किल्लीकडे नुसतं बघून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उद्यमनगरात मिस्त्रीच्या दारात होती.

मिस्त्री म्हणजे उघड्या अंगाने शेडमध्ये बसणारा, कधीही न हसणारा माणूस. त्याने गाडीत बसून एक फेरी मारली, खाली उतरला आणि भोपळ्यावर हातोडीचा दांडा आपटला.

"मास्तर, ह्याच्या आतली दाती खाल्ल्यात. नवी मिळत न्हाईत ह्या मॉडेलची. तुमची गाडी म्हंजे आता पणजी झाली."

"मग?"

"मग काय. ह्या पोटासकट अख्खा मागचा एक्सलच दुसरा टाकायचा. ह्याच गाडीचं पुढचं मॉडेल निघालं न्हवं, त्याचा बसतोय. एक भोक बी नवं पाडाय नको. भंगारात बघा. मला येळ न्हाई, तुमीच जावा."

मी निघालो तसा तो मागून ओरडला, "दात तेवढं मोजून आणा! दात जुळलं पायजेत!"

इथे थोडं समजावून सांगतो, म्हणजे पुढे माझी अक्कल किती गेली त्याचं माप वाचकाला घेता येईल. भोपळ्याच्या आत दोन दातेरी चाकं असतात. एक मोठं, ताटाएवढं, ते मागची चाकं फिरवतं. दुसरं लहान, मुठीएवढं, ते इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला असतं. लहान चाक मोठ्याला ढकलतं. मोठ्याला किती दात आणि लहानाला किती, या दोन आकड्यांच्या नात्यावर गाडीची चाल ठरते. दोन आकड्यांचं नातं. याला गुणोत्तर म्हणतात, आणि ते मी सातवीच्या पोरांना दर वर्षी शिकवत होतो.

भंगारवाल्याच्या अंगणात मला हवा तो एक्सल दुपारपर्यंत सापडला. आतली चाकं त्याने बाहेर काढून पोत्यावर ठेवली होती. मी खिशातला खडू काढला (मास्तराच्या खिशात दुसरं काय असणार), मोठ्या चाकाच्या एका दातावर खूण केली आणि मोजायला लागलो. एकोणचाळीस. पुन्हा मोजले. एकोणचाळीस. भंगारवाला म्हणाला, "साहेब, किती येळा मोजतासा? काय मुलगी बघाय आलासा व्हय?" तरी मी तिसऱ्यांदा मोजले. मोजणीत हयगय नाही. त्या चाकाला टेकूनच, काळ्या ग्रीसमध्ये बुडालेलं लहान चाक होतं. बघितलं की मी ते. पण मोठ्याशी बोलणं झाल्यावर लहानाला काय विचारायचं, असा आमच्या घराण्याचा संस्कार.

तिकडे मिस्त्रीने आमच्या गाडीचं पोट उघडलं होतं. त्यातल्याही मोठ्या चाकाचे दात मी मोजले.

"जुळतंय?" मिस्त्रीने गाडीखालून विचारलं.

"एकोणचाळीसला एकोणचाळीस."

"मग बसतंय," तो म्हणाला, आणि गणिताच्या मास्तराने मोजलंय म्हटल्यावर त्याने विषय संपवला.

काम दोन दिवस चाललं. गाडीच्या बुडाखाली लाकडाचे ओंडके, मागची दोन्ही चाकं काढलेली, ब्रेकची नळी सोडून तिच्या तोंडात चिंधी कोंबलेली. दांड्याचे चार बोल्ट, पाट्यांचे यू बोल्ट. पाटे म्हणजे गाडी ज्यावर उसळते त्या लोखंडी पट्ट्या. शेवटचा नट सुटला आणि जुना एक्सल जमिनीवर आला तेव्हा गाडीचं मागचं अंग इतकं रिकामं दिसलं की मला उगाच आप्पांचा चेहरा आठवला. माझ्याकडे काम होतं नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुवायचं. मी ते मन लावून केलं, आणि बसवून झाल्यावर परात पालथी करून बघितली. एकही उरला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा.

मिस्त्रीबरोबर उद्यमनगरात एक चक्कर मारली. हातगाड्या, रस्त्यात मांडलेली ओतकामं, समोरून येणारा टेंपो. तिसऱ्या गिअरच्या पुढे जायचा प्रश्नच नव्हता. पण आवाज नव्हता! मागून काहीच येत नव्हतं. पूजा उरकून भटजी निघून गेल्यावर घर कसं होतं, तशी गाडी झाली होती.

ठरवलं होतं ते असं. मी बोलणार नाही. आप्पा बसतील, चालवतील, चकित होतील, विचारतील, "आवाज कुठं गेला रं?" मग मी खिशात हात घालून म्हणेन, "कुठला आवाज?" हे वाक्य मी आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं.

आप्पा निपाणीहून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी काढली आणि ती फाटकातच आचका देऊन बंद पडली. आप्पांच्या हातून! त्यांनी क्लचवरच्या स्वतःच्या पायाकडे बघितलं, पुन्हा सुरू केली, आणि या खेपेला जास्त रेस करून बाहेर काढली. परत आले. किल्ली खिळ्याला लावली. मी दारात उभा, वाक्य जिभेवर. त्यांनी करंगळी कानात घालून खुळखुळ हलवली आणि आत गेले.

म्हटलं, विचारतील उद्या.

पौर्णिमा आली. दोघं वाडीला जाऊन आले. आई म्हणाली, "आज लवकर पोचलो बया. आरती सुरू बी झाली न्हवती." आप्पा वांग्यांची पिशवी घेऊन आत गेले. आणखी एक महिना गेला. आता माझं वाक्य शिळं व्हायला लागलं होतं. पुढच्या पौर्णिमेला रविवार होता, म्हणून मीही मागे बसून गेलो. मनात एवढंच की आवाजाचा विषय मीच काढीन, कौतुक घेईन आणि मोकळा होईन.

मोकळं व्हायची वेळच आली नाही. आप्पा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते. एरवी त्यांचा एक हात खिडकीवर असायचा. काटा चाळीसवर. पण मान पुढे काढलेली, मानेवर घाम. हातकणंगले सोडल्यावर पुढे उसाची बैलगाडी लागली. आप्पांनी ब्रेक दाबला. तीस वर्षांत त्यांचा ब्रेक कधी चुकला नव्हता, अंतर त्यांच्या पायात होतं. त्या दिवशी आमचं बॉनेट उसाच्या शेंड्यांत शिरून थांबलं. उसाच्या पाल्याचं एक वाडं काचेवर येऊन पडलं. आई म्हणाली, "दत्तऽ दत्त!" गाडीवान वळून म्हणाला, "काय पावणं, ऊस खायाचा व्हय?"

आप्पा हसले नाहीत. खाली उतरले, वाडं काचेवरून काढून बैलापुढे टाकलं, परत येऊन बसले.  वाडीहून घरी आल्यावर त्यांनी किल्ली खिळ्याला लावली नाही. माझ्या हातात दिली.

"आता तू चालवत जा. माझं डोळं दमत्यात."

आणि परसात जाऊन हातपाय धुवायला लागले.

आता इथे खोटं कशाला बोलू? मला वाईट वाटलं, पण ते दुसऱ्या क्रमांकावर. पहिला आला तो आनंद. गाडी मिळाली! शाळेत गाडीने जाईन, आणि आवाज न करता जाईन, असं मनात येऊन गेलं. वय झालं की माणसाने थांबावं, आप्पांनी किती समजुतीने घेतलं, असं मी स्टाफरूममध्ये चार जणांना सांगितलंही. आप्पा मात्र दिवसभर कट्ट्यावर बसून सुपारी कातरत असत. रस्त्यावरून बस गेली की मान वर करून तिचा गिअर पडेपर्यंत ऐकत, मग मान खाली.

त्यानंतरच्या पौर्णिमेला मी पहिल्यांदा त्यांना घेऊन वाडीला निघालो. आई पुढे बसली. आप्पा मागे, दरवाज्याला अंग चोरून, बिनतिकिटाच्या प्रवाशासारखे. मीही काटा चाळीसवर ठेवला, त्यांना बरं वाटावं म्हणून. आणि मला वाटलं, ही बरीच पळतेय की. पण मी नवीन ड्रायव्हर, मला काय कळतंय.

कळलं ते दगडांमुळे. रस्त्याकडेला किलोमीटरचे दगड असतात. मास्तराला आकडा दिसला की तो वाचल्याशिवाय राहवत नाही. एक दगड गेला. मी सहज मीटरातला आकडा बघितला. दुसरा दगड आला, आतला आकडा अजून फिरतच होता. म्हटलं, दगड चुकून जवळ रोवला असेल. तिसरा, चौथा. दहा दगड गेले तेव्हा गाडी म्हणत होती आठ. पुन्हा दहा दगड मोजले. पुन्हा आठ.

गाडीचं मीटर इंजिनाच्या बाजूच्या दांड्याकडून आकडा घेतं, मागच्या चाकाला विचारत नाही. म्हणजे पुढची चाल तीच, इंजिनाचा आवाज तोच, काटा तोच, आणि मागची चाकं मात्र पूर्वीपेक्षा जास्त फिरतायत.  दहाला आठ. काटा चाळीस म्हणजे गाडी पन्नास. आरशात बघितलं. मागे आप्पा डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा उजवा पाय, रिकाम्या जागी, वळण आलं की ब्रेक दाबत होता. प्रत्येक वळणाला. माझ्या कितीतरी आधी.

सोमवारी शाळा सुटल्यावर गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेलो. त्याने मागचं एक चाक जमिनीला टेकतं ठेवलं, दुसरं उचललं, दांड्यावर माझाच खडू ओढला, उचललेलं चाक दोन वेळा फिरवलं आणि दांड्याचे फेरे मोजले. उठला. हात पुसले.

"मास्तर, बारक्या चाकाचं दात किती मोजलासा?"

मी त्याच्या हातातला खडू परत घेतला.

"जुन्याला आठ हुतं. ह्याला दहा हायत."

"तुम्ही तरी बघायचं…"

"मी?" मिस्त्री इतक्या वर्षांत पहिल्यांदा हसला, आणि ते दृश्य चांगलं नव्हतं. "गणिताचा मास्तर तीन येळा मोजून आलाय म्हटल्यावर मी अंगठाबहाद्दर परत मोजू व्हय? शाळंत बी असंच शिकवतासा? वरचा आकडा घ्यायचा, खालचा देवाला सोडायचा?"

जुना एक्सल परत बसवता येईल का विचारलं. तो फाउंड्रीत जाऊन वितळला होता. "आता कुठल्यातरी पंपाचं पोट झालं आसंल त्येचं," मिस्त्री म्हणाला. वर असंही म्हणाला की काळजीचं काही नाही, गाडी मोकळी पळते, इंजिनला आराम आहे, फक्त उठताना जरा जड जाते. क्लच सोडताना रेस जास्त लागते, नाहीतर बंद पडते.

फाटकात आप्पांनी आपल्या पायाकडे कसं बघितलं होतं ते आठवलं, आणि मी गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढे न नेता घरी आणली.

सांगायला हवं होतं त्याच संध्याकाळी. नाही सांगितलं. आठवडा गेला. स्वतःला मी बरीच कारणं दिली. खरंच वय झालंय त्यांचं. चालवणं सोडलंय ते एका परीने बरंच. उगाच जखम कशाला उघडा. यातलं प्रत्येक कारण शहाणपणाचं होतं आणि प्रत्येकाच्या शेवटी गाडीची किल्ली माझ्या खिशात राहत होती.

मग एका रात्री जेवताना आईने ताटात भाकरी टाकली आणि म्हणाली, "ह्या पुनवंला तू गाडी काढू नगंस. आम्ही बसनं जातोय."

"का?"

"हे न्हाई म्हंत्यात. मागं बसवत न्हाई त्यास्नी." मग आवाज खाली आणून, "परवा बसस्टँडवर जाऊन बसच्या येळा विचारून आल्यात. चौकशीच्या खिडकीत. ज्यानं तीस वर्षं बस न्हेली त्यो मानूस रांगंत उभा ऱ्हायला रं."

 मी ताटावरून तसाच उठलो, हात धुतले आणि कट्ट्यावर गेलो. आप्पा सुपारी कातरत होते.

"आप्पा, एक सांगायचंय."

"सांग की."

सांगितलं. आधी एक्सल, मग खडू, मग एकोणचाळीस. समजावं म्हणून वहीचं पान आणलं होतं, त्यावर दोन चाकं काढली. आप्पांनी पानाकडे बघितलं नाही. अडकित्ता मांडीवर ठेवून ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी थांबलो. आता चप्पल येणार की शिवी, याचा अंदाज घेत होतो.

"म्हंजे," ते हळूच म्हणाले, "मागचा आवाज खरंच येत न्हाई?"

"नाही."

"कुनालाच न्हाई?"

"कुणालाच नाही. तीन महिने झाले."

आप्पांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं. "ऐकलंस काय गं? गाडीचा आवाज येतच न्हाई म्हंतोय ह्यो!"

आतून आई म्हणाली, "न्हाईच की येत. मी आता अंदाजानंच आधण ठेवत हुते. तुमास्नी ठावं न्हवतं व्हय?"

"अगं मी शाहूपुरीतल्या कानाच्या डाक्टरकडं दोन येळा जाऊन आलो!" आप्पा ओरडले. "त्यो म्हनला कान लई चांगलं हायत. मी म्हटलं ह्येला काय कळतंय, आनि दुसरा डाक्टर हुडकाय लागलतो!"

मग माझ्याकडे वळले. आता आवाज निराळा होता. "आनि काटा चाळीसवर आसला की?"

"पन्नास."

"पन्नास." त्यांनी तो आकडा तोंडात धरून ठेवला, सुपारीसारखा. "रस्ता अंगावर याचा रं. झाडं पळायची. काटा बघावा तर चाळीस. इंजिनचा आवाज बी चाळीसचाच. मग म्हटलं गाडीत काय फरक न्हाई, फरक आपल्यातच पडलाय." अडकित्ता मांडीवरून खाली ठेवला. "रात्री झोप लागत न्हवती मला. म्हटलं एक दिवस हिला घिऊन गाडी कुठंतरी घालतोय मी."

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "चुकलं माझं, आप्पा."

"चुकलं तर लई जनांचं चुकतंय," ते म्हणाले. "तू तीन म्हैनं गप का बसलास, ते सांग."

मी वहीच्या पानाची घडी घालत बसलो. याचं उत्तर आजही मला नीट देता येत नाही. आरशासमोरचं ते वाक्य त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. आप्पांनी अडकित्ता उचलला आणि म्हणाले, "किल्ली आन."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा व्हायच्या आत त्यांनी मला गदागदा हलवून उठवलं. "चल. टावेल घे संगं."

टॉवेल कशाला ते गाडीत बसल्यावर कळलं. शिरोली फाट्यापुढे रस्ता मोकळा झाला तेव्हा ते म्हणाले, "मीटर झाक."

मी टॉवेल मीटरवर टाकला आणि दोन्ही हातांनी धरून बसलो. आप्पांनी उजवा हात खिडकीवर ठेवला. गाडी हळूहळू वेग घेत गेली, मग एका जागी येऊन स्थिर झाली. त्यांनी रस्त्याकडे बघितलं, एका झाडाकडे, पुढच्या झाडाकडे. पाय किंचित सैल केला, पुन्हा किंचित दाबला. बराच वेळ असेच गेलो. एक ट्रक हॉर्न मारत पुढे गेला.

"हे चाळीस," आप्पा म्हणाले. "काढ टावेल. काटा किती?"

मी टॉवेल उचलला. "तेहतीस."

"गुनाकार कर. ह्या खेपंला दोन्ही आकडं घे."

तेहतीसला दहाने गुणलं, आठने भागलं. मनातल्या मनात दोनदा ताळा बघितला, कारण ही चूक आयुष्यात पुन्हा परवडणार नव्हती. "सव्वाएक्केचाळीस, आप्पा."

आप्पांनी पुढे बघितलं. "उतार हाय इथं जरा," ते म्हणाले.

हातकणंगल्याला चहाची टपरी लागली, थांबले नाहीत. मागे फिरण्यासारखी जागा दोनदा आली. दोन्ही वेळा मी त्यांच्याकडे बघितलं, दोन्ही वेळा ते सरळ बघत होते. माझी शाळा अकराची. अंगावर घरातलाच शर्ट, पायात एक चप्पल माझी आणि एक आईची. घरी आईला आम्ही कुठे गेलो हेही माहीत नव्हतं.

"आप्पा," मी शेवटी म्हटलं, "वळायचं नाही का?"

"वळायचं की," आप्पा म्हणाले. "वाडीत जाऊन वळू."